बाळंतपण आमच्याकडेच

२२ फेब्रुवारी, रविवार

आज सगळ्यांना सांगून झालं. धाकटी सून गायत्री हिला तिसरा महिना उलटून गेला, म्हणजे आता तोंड उघडायला हरकत नाही. ह्यांनी सकाळीच मिठाईवाल्याकडे जाऊन दोन किलो दराबा आणला आणि गल्लीत वाटायच्या आधी पाव किलो स्वतःला वाटला.

ही डायरी ह्यांच्या कागद मिलची, २०१५ सालची, कोरी. टाइम ऑफिसात चौतीस वर्षं काढून निवृत्त झाले तेव्हा अशा डायऱ्यांचं एक खोकं घेऊन बुऱ्हाणपूरला आले. २०१५ चे वार या वर्षाला तंतोतंत जुळतात हे त्यांनी शोधून काढलं आणि दिवसभर असे मिरवले की जणू ते वार त्यांनीच जुळवलेत. म्हटलं, चला, मिलमधून घरी आलेलं काहीतरी कामाला लागलं.

लिहायला बसले ती एका कारणासाठी. मला दोन मुलगे, मुलगी नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, म्हणजे ज्या बाईला मुलगी नाही तिच्या घरात बाळंतिणीची खोली कधी होतच नाही. मोठी सून पूनम अकोल्याला आईकडे गेली. दुसऱ्या वेळेलाही तिकडेच गेली, सवय लागली म्हणे. मी बारशाला गेले, पाळण्याची दोरी दोनदा ओढली, जेवले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. दोन्ही नातू मला थेट रांगायला लागल्यावर मिळाले.

गायत्रीची आई ती दहावीत असताना वारली. माहेरी, निंबोल्याला, वडील आणि केळीची बाग, बस. आज दराबा खाताना हे माझ्या ध्यानात आलं आणि मला आनंद झाला. आईविना पोरीसाठी वाईट वाटायच्या आधी आनंद झाला. इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे सांगण्यासारखं नाही. हे बाळंतपण माझ्या घरी होणार.

१ मार्च, रविवार

कारभार हातात घेतला. धाकट्या ऋषिकेशचं अंथरूण हॉलमध्ये हलवलं. आता गायत्रीच्या खोलीत मी झोपते. तो झोपेत पाय मारतो, लहानपणापासून मारतो. म्हणाला, "मम्मी, ये क्या बात हुई? बायको आहे ती माझी." म्हटलं, आहे ना, कुठे पळून चालली आहे का?

खोलीचं दार दिवसभर उघडं ठेवायचं ठरवलं. हवा खेळती राहते आणि मला ओट्याजवळून पलंग दिसतो. पपई बंद. वर हात करून कपडे वाळत घालणं बंद. संध्याकाळी सातनंतर मोबाइल माझ्याकडे. ती शाळेत शिकवते, तिथे हे स्कूटरवरून सोडतात आणि आणतात. इतक्या सांभाळून चालवतात की सायकलवाले घंटी वाजवून पुढे जातात.

गायत्री गुणाची आहे. कशालाच नाही म्हणत नाही. "हो मम्मी" म्हणते आणि करते. पूनम प्रत्येक गोष्टीला "पण का?" विचारायची. हिला काही विचारायचंच नसतं.

एकच तक्रार. बाथरूममध्ये पाऊण पाऊण तास लावते. नळ चालू आणि बाई आत. पोट साफ होत नसणार. आजपासून इसबगोल सुरू केलं.

१५ मार्च, रविवार

इसबगोल दुप्पट केलं, पण पाऊण तासाचा पाऊण तासच आहे.

शिवाय दिवेलागणीच्या आधी गच्चीवर जाऊन फोनवर बोलत बसते. विचारलं तर म्हणते, शाळेचं काम. परीक्षा जवळ आल्या असतील. गच्चीवर चटई, उशी आणि ताक नेऊन दिलं आणि शेजारी बसले. तेवढ्यात तिचं काम संपलं.

३१ मार्च, मंगळवार

आज सोनोग्राफी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं छान आहे. मी स्क्रीनकडे बघितलं तर धुकं होतं. ह्यांना मात्र नाक दिसलं, आणि ते त्यांच्या घराण्याचं निघालं.

गायत्रीच्या मोबाइलमध्ये एक अ‍ॅप आहे. पोटातलं बाळ या आठवड्यात कोणत्या फळाएवढं झालं ते सांगतं. तीन महिन्यांची होती तेव्हा लिंबू होतं, मध्ये पेरू झालं. माझ्या वेळेला सासूबाई फक्त विचारायच्या, "दिसतंय का अजून पोट?" आणि काम सांगायच्या. आता आख्खी फळांची गाडी दारात उभी असते. या आठवड्यात म्हणे केळं.

नेमके व्याही आले होते, कौतिकराव. लेकीची सोनोग्राफी म्हणून निंबोल्याहून मोटरसायकलवर, मागे केळ्याचा घड बांधून. त्यांना केळ्याचं सांगायला नको होतं.

"कोनतं केयं?" त्यांनी विचारलं.

"बाबा, केळं म्हणजे केळं," गायत्री म्हणाली.

"आसं कसं? वरच्या फनीचं आसंन त चांगलं वीतभर ऱ्हातं. खालच्या फनीचं आसंन त त्याले व्यापारी हात बी लावत नाई." मग मोबाइल हातात घेऊन त्यांनी त्या चित्रातल्या केळ्याकडे बराच वेळ बघितलं आणि हे केळं आपल्याकडचं नाही असं सांगितलं.

हसून झाल्यावर चहा पिता पिता ते सहज म्हणाले, "सातव्यात पोरीले घेऊन जाईन. पयलं बायंतपन माहेरीच व्हतं."

मला वाटलं, हाही विनोद. म्हटलं, "आणि करणार कोण तिथे?"

"मी."

"तुम्ही?"

"गल्लीत सोजरबाई हायेत, त्या सांगतीन. मी करीन. बारा महिने केयीले पानी देतो, खत देतो, धुकं पडलं त धूर करतो. त्याच्याहून का जास्त आसतं?"

एवढं बोलून त्यांनी बशीतला चहा संपवला. गायत्री खाली मान घालून बसली होती. बापाच्या अडाणीपणाची लाज वाटली असेल बिचारीला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

१४ एप्रिल, मंगळवार

निंबोल्याहून डबा आला. व्याह्यांनी स्वतः वळलेले डिंकाचे लाडू. सोजरबाईंनी शिकवलं म्हणे. या सोजरबाई पंच्याहत्तरीच्या आहेत, गावातली अर्धी माणसं त्यांच्या हातावर जन्मली.

लाडवाबद्दल काय लिहू? भिंतीत खिळा ठोकायचा राहिला होता, हातोडी सापडत नव्हती. ह्यांनी तीन खाल्ले आणि म्हणाले, चव आहे. गायत्रीने एक लाडू पाऊण तास चघळला आणि डोळ्यांतून पाणी काढलं. म्हटलं, अगं दात दुखत असेल तर टाकून दे. तिने नाही टाकला.

माझे लाडू दोन महिन्यांपासून डब्यात आहेत. साजूक तुपातले, तोंडात टाकले की विरघळतात. तिला ते जड होतात.

६ मे, बुधवार

आज पंचांग काढून बसले आणि देव मला भेटला. सतरा मेपासून पंधरा जूनपर्यंत धोंड्याचा महिना. अधिक मासात ओटी भरत नाहीत, शुभ काम करत नाहीत, आणि ओटी भरल्याशिवाय लेकीला बाळंतपणाला नेत नाहीत. गायत्रीला सातवा लागतो दहा मेला आणि आठवा लागतो दहा जूनला. आठव्यात गरोदर बाईने वेस ओलांडायची नसते. म्हणजे अख्खा सातवा धोंड्याने गिळला आणि पुढे आठवा दारात आडवा पडला. व्याही येऊ देत मोटरसायकल घेऊन.

मधला एकच आठवडा मोकळा राहतो, दहा ते सोळा. त्याचाही बंदोबस्त केला. ह्यांचा मोतीबिंदू दोन वर्षांपासून पिकतोय, त्याच्या ऑपरेशनची तारीख बाराची घेतली. घरात डोळ्याचा पेशंट असताना ओटी कोण भरणार? हे म्हणाले, "अगं, तूच म्हणालीस ना उन्हाळ्यात नको." म्हटलं, उन्हाळाच बरा, गॉगल शोभतो.

१५ मे, शुक्रवार

ऑपरेशन झालं. हे काळा गॉगल लावून हॉलमध्ये बसतात. कोण आलं ते आवाजावरून ओळखतात आणि दर वेळी ओळखल्याबद्दल शाबासकी मागतात.

व्याही डोळा बघायला आले. मी हळूच विषय काढला. म्हटलं, काय करावं, परवापासून धोंडा, पुढे आठवा, शास्त्रापुढे आपलं काय चालणार? माझी काही आडकाठी नाही हो, पण पंचांगाची आहे. आवाज मी इतका दुःखी केला होता की गॉगलच्या आतून हेसुद्धा वळून बघायला लागले.

कौतिकरावांनी सगळं ऐकलं. टोपी काढली, घातली. "बरं," म्हणाले. जाताना लेकीकडे बघितलं आणि निघाले. मला थोडं वाईट वाटलं. फार नाही.

गायत्री गच्चीवर गेली. बाहेर चव्वेचाळीस डिग्री आणि ही तासभर फोनवर. आता तर शाळेला सुट्ट्या आहेत. पण मास्तरणींचं काम संपतं कुठे?

१९ मे, मंगळवार

निंबोल्याहून फोन. व्याही अगदी पाठ केल्यासारखे बोलले. "याहीनबाई, लगीन झाल्यापासूनचा हा पयलाच धोंडा हाये. जावाईबापूले आन पोरीले जेवाले बलावाचं हाये. अधिकाचं वान द्याचं हाये. पयला धोंडा चुकला त पोरीच्या माहेरची शोभा नाई ऱ्हात."

मी फोन धरून उभी राहिले. नाही म्हणायला तोंड कुठून आणू? धोंड्याचं माहात्म्य चारच दिवसांपूर्वी मीच त्यांना ऐकवलं होतं. जावई म्हणजे अधिकात विष्णू. विष्णू आतमध्ये फाटक्या बनियनवर मोबाइल बघत लोळत होता.

रविवार ठरला. सकाळी जायचं, जेवायचं, संध्याकाळी परत. मी तीनदा म्हटलं, संध्याकाळी परत. गायत्री म्हणाली, "हो मम्मी."

हे सगळं त्या केळीवाल्याच्या डोक्यातून निघालं असेल हे मला पटत नाही. सोजरबाई दिसतात तेवढ्या साध्या नाहीत.

२४ मे, रविवार

ऋषिकेश एकटा परत आला.

हातात पुरणाच्या तेहतीस धोंड्यांचा डबा, चांदीची वाटी, नवा शर्ट. सासऱ्याने पाय धुतले म्हणे, पाटाखाली रांगोळी काढली होती. "मम्मी, वो रुक गई. चार दिवस राहते म्हणाली. टेन्शन मत लो."

मी खोलीत गेले. टेबलावर दवाखान्याची फाइल नव्हती. कॅल्शियमच्या गोळ्या नव्हत्या. पायाखाली घ्यायची उशी नव्हती, चार गाऊन नव्हते. जेवायला जाताना कोणी उशी नेतं का? जेवणाच्या पिशवीत फाइल कोण ठेवतं?

त्या माणसाने मला माझ्याच पंचांगाने हरवलं. मी आदळआपट केली. ऋषिकेशला म्हटलं, तू विष्णू नाहीस, बैल आहेस. सासऱ्याने पाय धुतले आणि बायको काढून घेतली, तुला कळलंसुद्धा नाही. तो म्हणाला, कळलं होतं. अंथरूण उचललं आणि आपल्या खोलीत जाऊन झोपला.

हे गॉगल लावून बसले होते. म्हणाले, "धोंडे छान झालेत." मी डबा त्यांच्या हातातून काढून घेतला.

२८ मे, गुरुवार

निंबोल्याला जाऊन आले. आणायला गेले होते.

व्याह्यांचं घर रस्त्याला लागून, मागे बाग. ओसरीत सोजरबाई बसल्या होत्या आणि व्याही त्यांच्या पुढ्यात मांडी घालून एका बाहुलीला दुपट्यात गुंडाळत होते. बाहुली प्लास्टिकची, एक डोळा मिटलेला. सोजरबाई म्हणत होत्या, "मुंडकं धर रे, मुंडकं. केयीचं खोड हाये का ते?" मला बघून व्याह्यांनी बाहुली पाठीमागे लपवली. साठीच्या माणसाने. दुसऱ्या कोणत्याही दिवशी मला हसू आवरलं नसतं.

मी उभ्यानेच विचारलं, "कौतिकराव, हे धोंड्याचं डोकं कोणाचं?"

त्यांना खोटं बोलता येत नाही हा त्यांचा मोठाच दोष आहे. आत बघितलं, जमिनीकडे बघितलं. म्हणाले, "याहीनबाई, मले धोंड्याचं का समजतं? बायको गेल्यापासून मी पंचांग बी नाई पाह्यलं. पोरीनंच सांगलं. बाबा, आसं म्हना, मंग मम्मी नाई नाई म्हननार. मी दोनदा इसरलो, तिनं पुन्हा सांगलं फोनवर."

"आणि सातव्यात नेतो म्हणालात तेव्हा?"

"ते बी तिनंच. मी त म्हने, बाई, तिथंच ऱ्हाय, दवाखाना जवय हाये, तुही सासू जीव लावते. त रडाले लागली."

गायत्री दारात येऊन उभी होती. चेहरा भरला होता, चार दिवसांत. मी म्हटलं, "गायत्री, मी तुला काय कमी केलं गं?"

"काही नाही, मम्मी," ती म्हणाली. पण तेवढ्यावर थांबली नाही. "काहीच कमी नाही केलं. त्या घरात मला फक्त बाथरूमचं दार लावता यायचं. नळ सोडून मी आत स्टुलावर बसून राहायची. बस, बसायची नुसती. आणि बाहेर आले की तुम्ही इसबगोल घेऊन उभ्या."

सोजरबाई हसल्या. त्यांना दात नाहीत, त्यामुळे ते हसणं जास्तच लागलं.

मी पाणीही घेतलं नाही. बसमध्ये पदर डोळ्यांना लावून बसले. शेजारची बाई म्हणाली, धूळ फार आहे नाही? म्हटलं, फार.

२९ मे, शुक्रवार

रात्रभर विचार केला आणि मला माझी चूक सापडलेली नाही. दार उघडं ठेवलं ते काळजीने. जवळ झोपले ते काळजीने. पाऊण तास बाथरूममध्ये बसणाऱ्या बाईला इसबगोल नाही द्यायचं तर काय द्यायचं?

१२ जून, शुक्रवार

आठवा लागला. आता तिला आणायलाही जाता येत नाही, वेस ओलांडायची नाही हा नियम माझाच. हे म्हणाले, "तू स्वतःला छान कोंडून घेतलंस." डोळा बरा झाल्यापासून ह्यांना नको तितकं दिसायला लागलंय.

माझे लाडू शेजारी वाटून टाकले.

८ जुलै, बुधवार

गायत्रीची आज तपासणी होती, ऋषिकेशने सांगितलं. दवाखान्याला वेस लागू नसते म्हणे. मी गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण बाकावर बसायला आमंत्रण लागत नाही.

बायकांच्या रांगेत कौतिकराव एकटे पुरुष, मांडीवर फाइल, डोक्यावर टोपी, दोन्ही बाजूंना आठ-आठ महिन्यांची पोटं. अंग चोरून बसले होते. मी दोन बाक सोडून बसले. गायत्रीने मला बघितलं, हसली, आणि वडिलांच्या शेजारीच बसून राहिली.

नाव पुकारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सोबत कोण आहे? ते उठले आणि मीही उठले. बाईंनी दोघांना आत घेतलं. विचारलं, बाळाची हालचाल कशी आहे? मी तोंड उघडलं. उत्तर व्याह्यांनी दिलं. खिशातून वही काढली, त्यात रोजची नोंद. सकाळी किती वेळा फिरलं, जेवल्यावर किती, डाव्या कुशीवर झोपली की किती. "काल दुपारी कमी व्हतं, मंग हिनं गूळपानी घेतलं त पुन्हा सुरू झालं."

"हे तुम्हाला कसं कळतं?" बाईंनी विचारलं.

"पोरीले इचारतो," ते म्हणाले.

बाई म्हणाल्या, असे वडील सगळ्यांना मिळावेत. मी भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचत राहिले. तीन महिने मी तिच्या पोटात काय जातं ते बघत होते. तिथे काय हलतं ते मला ठाऊक नव्हतं. तिला विचारायचं सुचलंच नाही, पलंग तर दिसत होता ना.

बाहेर आल्यावर गायत्रीला म्हटलं, "तब्येत सांभाळ." आणखी अकरा गोष्टी ओठांवर होत्या. रिक्षा आली म्हणून वाचली.

११ ऑगस्ट, मंगळवार

परवा पहाटे मुलगी झाली. इथेच, दवाखान्यात. सगळं सुखरूप. साडेसहा पौंड.

आमच्या घरातली पहिली मुलगी. पाच मिनिटं माझ्या हातात होती. मग नर्सने घेतली, मग ऋषिकेशने, मग तिच्या आजोबांनी. त्यांनी मुंडकं बरोबर धरलं होतं. ह्यांनी नाक बघितलं आणि आपल्या घराण्याचं नाही हे कबूल केलं.

आज त्या दोघी निंबोल्याला गेल्या. ऋषिकेशसुद्धा गेला, आठ दिवसांची रजा टाकून. मी फाटकापर्यंत गेले आणि पाहुण्या बाईसारखा हात हलवला. अकोल्याला सवय झालेलीच होती. घरी येऊन खूप रडले. हे बाहेरच्या खोलीत टीव्ही मोठा करून बसले, म्हणजे त्यांना ऐकू आलं.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

दुपारी गायत्रीचा फोन. मला. ऋषिकेशच्या नव्हे, तिच्या मोबाइलवरून.

सोजरबाई ओसरीच्या पायरीवरून घसरल्या, मनगट मोडलं, प्लास्टर घातलंय. बाळाला आंघोळ घालायला कोणी नाही. व्याह्यांनी काल प्रयत्न केला, बाहुलीवर छान जमायचं, पण ही रडली आणि त्यांचे हात असे कापायला लागले की ऋषिकेशला धावावं लागलं. तेव्हापासून बाळ ओल्या फडक्याने पुसून काढतात.

"मम्मी, याल का?" ती म्हणाली. मी हो म्हणायच्या आधीच पुढे म्हणाली, "पण मी आधी सांगते. माझ्या खोलीचं दार मी लावीन. मी विचारलं तरच सांगायचं. आणि बाळाचं काय करायचं ते मी ठरवीन. हे जमत असेल तर या. नसेल तर मी बाईला दवाखान्यातून बोलावते, मला राग नाही."

असं माझ्याशी आजवर कोणी बोललं नाही, सासूबाईसुद्धा नाहीत. त्या ओरडायच्या. हिने ओरडून सांगितलं असतं तर मी भांडले असते.

हे म्हणाले, "विधुर व्याह्याच्या घरी विहीण मुक्कामाला? कुठे ऐकलंय का? लोक काय म्हणतील?" म्हटलं, लोक म्हणतील आजोबांना आंघोळ घालता येत नाही. ह्यांना दोन दिवसांचा स्वयंपाक करून ठेवला आणि पुढचं मॅगीवर सोडलं.

१६ ऑगस्ट, रविवार. निंबोला

काल आले. आल्यापासून मी बोलले नाही अशा गोष्टी: खिडकी उघडी आहे. पंखा पाचावर आहे. खिरीत हाळीव कमी आणि गूळ जास्त. बाळाच्या टोपीची नाडी लांब. व्याह्यांनी ओवा जाळलाय, भाजायचा होता. जीभ दातांखाली धरून धरून सोललीय.

सकाळी न्हाणीत पाट मांडला. साडी गुडघ्यांपर्यंत सारली, पाय लांब केले. ऋषिकेशने बाळाला आणून माझ्या नडग्यांवर पालथं घातलं. सात दिवसांची. पाठ माझ्या तळहाताएवढी, त्यावर बारीक लव. मला दोन मुलगे झाले तेव्हा आंघोळी आईने आणि सासूबाईंनी घातल्या आणि नातवांच्या वेळेला अकोल्यात विहिणीने. म्हणजे अठ्ठावन्न वर्षांची झाले आणि एवढं लहान मूल माझ्या पायांवर पहिल्यांदाच आलं होतं. हे मी कोणाला सांगितलं नाही. सगळ्यांना वाटतं मला येतं.

व्याही बादलीला धरून मागे उभे होते, घाबरून भिंतीकडे तोंड करून. गायत्री दारात स्टुलावर. मी तांब्या बुडवला, हात घातला. पाणी अगदी बरोबर होतं. तसं मी म्हणू शकले असते. तिनेही ऐकलं असतं, "हो मम्मी" म्हणाली असती.

मी तांब्या तिच्यापुढे धरला. म्हटलं, "बघ गं. कसं हवंय?"

तिने कोपर बुडवलं. बराच वेळ विचार केला. "थोडं गार घाला," म्हणाली.

माझ्या मते त्याने ते फारच गार होणार होतं. मी घातलं.